पेनांग जवळच आहे

दोन गावांमधलं अंतर मोजायचं काम देवाने शास्त्रज्ञांकडे सोपवलं आहे आणि ते अंतर कापायला वेळ किती लागेल, हे ठरवायचं काम नातेवाइकांकडे. दोन्ही खाती आपापल्या जागी चोख चालतात. एकमेकांना विचारत नाहीत, इतकंच.

आता मेदान आणि पेनांगचंच घ्या. मध्ये मलाक्काची सामुद्रधुनी, म्हणजे समुद्राची चिंचोळी पट्टी. अलीकडे इंडोनेशिया, पलीकडे मलेशिया, सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. विमान उठतं, पोरगी पाण्याचा पेला हातात देते आणि तो संपायच्या आत परत मागते. पंचेचाळीस मिनिटं. हा आकडा मेदानमधलं शेंबडं पोरही सांगेल. आम्हा मेदानच्या लोकांना अभिमान वाटाव्यात अशा तीन गोष्टी आहेत: दुरियान नावाचं उग्र वासाचं फळ, मोठा आवाज आणि पेनांगचं जवळ असणं. पहिल्या दोन आमच्या कर्तबगारीच्या. तिसरीत आमचा काडीचा हात नाही, पण आव तोच.

आमच्याकडे कुणाचा खोकला दोन आठवडे टिकला की तो पेनांगच्या डॉक्टरला नेऊन दाखवायची रीत आहे. मेदानचे डॉक्टर वाईट आहेत असं कुणीच म्हणत नाही. ते मेदानमध्ये आहेत, एवढाच त्यांचा दोष. परत आलेला माणूस चर्चच्या पायरीवर आपलं दुखणं असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाही एखादं असतं तर बरं झालं असतं.

तर अशा या मेदानमध्ये ओप्पुंग मारिंतान राहते. आम्हा बताक लोकांत नातवंड झालं की बाईचं स्वतःचं नाव रद्द होतं आणि ती त्या नातवंडाची ओप्पुंग, म्हणजे आजी, म्हणून दप्तरी लागते. (रद्द झालेलं नाव परत मिळत नाही. अर्ज करायची सोय नाही.) मारिंतान ही तिच्या थोरल्याची पोरगी. ओप्पुंग अंगाने सुपारीएवढी, पण मानाने तोबा सरोवराएवढी. उभ्या जन्मात तिने कुणाकडे मिठाचा खडा मागितला नाही. शेजारणीने आपणहून दिला, तर "कमी आहे" म्हणून परत पाठवला.

तिला तीन मुलं. त्यांची माहिती खालीलप्रमाणे.

थोरला बोनार, मुक्काम रॉटरडॅम. दोनदा विमान बदलावं लागतं, एक दिवस मोडतो, पाय सुजतात. दर नाताळला येतो.

मधली लुमोंगा, मुक्काम पेनांग. पंचेचाळीस मिनिटं. तीन वर्षांपूर्वी वडलांच्या मातीला आली होती.

धाकटा सिहोल, मुक्काम मागची गल्ली. विमानसेवा नाही. इस्टरच्या सुमारास चर्चमध्ये दिसला होता, पाठमोरा. (आमच्या भाषेत सिहोल म्हणजे ओढ, आठवण. नाव ओप्पुंगनेच ठेवलं. देवाला बोल लावता येत नाही.)

या तीन ओळींवरून निसर्गाचा जो नियम निघतो, तो आजवर कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. अंतर जितकं कमी, पोचायला वेळ तितका जास्त. हाच नियम पुढे ताणला तर एका घरात राहणाऱ्या दोन माणसांची गाठ पडणं जवळजवळ अशक्य ठरतं. लग्न झालेली मंडळी याला दुजोरा देतील.

नियम वरवर उफराटा वाटतो, पण कारण साधं आहे. बोनार लांब आहे म्हणून त्याच्या येण्याला तारीख असते. तो उन्हाळ्यातच नाताळचं तिकीट काढतो आणि मग कुणी मेलं तरी ती तारीख हलत नाही. लुमोंगा जवळ आहे, तेव्हा ती कधीही येऊ शकते. आणि कधीही हा वार कुठल्याच भिंतीवरच्या कॅलेंडरात नसतो.

त्यासाठी आमच्याकडे एक शब्द आहे: कापान-कापान. कापान म्हणजे केव्हा. एकदा म्हटलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. दोनदा म्हटलं की त्याचं कधीतरी होतं आणि उत्तर कुणालाच द्यावं लागत नाही. इतका सोयीचा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. दर रविवारी प्रार्थना आटोपली की लुमोंगाचा मामाकला, म्हणजे आईला, फोन यायचा.

"मामाक, ये ना गं इकडे. पंचेचाळीस मिनिटांवर तर आहे मी."

"येईन की. कापान-कापान."

"नाहीतर मीच येते."

"ये ना. तुझंच घर आहे."

"येते. कापान-कापान."

मग दोघी समाधानाने फोन ठेवायच्या. मायलेकींचं इतकं एकमत फार थोड्या घरांत असेल.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण मध्येच ओप्पुंगचा उजवा डोळा पांढरा झाला.

मोतीबिंदू. आधी उजव्यात धुकं आलं, मग दूध. डाव्यातही धुक्याला सुरुवात झालेली. तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पण एका रविवारी चर्चमध्ये खुंटीवर टांगलेल्या पाद्रीबाबांच्या झग्याला तिने मान लववून "होरास" म्हटलं. झग्याने उलट नमस्कार केला नाही. तेव्हा ओप्पुंगने पाद्रीबाबांशी आठवडाभर बोलणं टाकलं. बिचारे पाद्रीबाबा आपलं काय चुकलं म्हणून प्रत्येकाला विचारत फिरले आणि अशा रीतीने ही बातमी शेजारच्या नाई मारोलोपपर्यंत, म्हणजे मारोलोपच्या आईपर्यंत, पोचली. ही बाई बाजारात मासळी विकते. माशाचा डोळा बघून तो कधी मेला हे सांगणारी. तिच्यासमोर ओप्पुंगच्या डोळ्याचा काय पाड?

"एदा," नाई मारोलोप म्हणाली. (आमच्या बायका एकमेकींना वहिनी-नणंद मानून एदा म्हणतात. त्यामुळे भांडायला नातं तयारच असतं.) "हा डोळा बाजारात आणलास तर मी फुकट घेणार नाही. लुमोंगाला फोन लाव. येऊन घेऊन जाईल."

"मी का लावू? तिला डोळे नाहीत?"

"तिला आहेत. प्रश्न तुझ्या डोळ्यांचा आहे."

"बोलावून आलेली लेक म्हणजे हमाल, एदा. आपणहून आली तर लेक."

"मग एकटी जा. माझ्या गुडघ्यांसाठी मी दोनदा जाऊन आले. इथून दहाला उडायचं, तिथे पावणेबाराला उतरायचं."

ओप्पुंगची शाळा तिसरीत सुटली होती, पण वजाबाकी होऊन गेली होती. "पंचेचाळीस मिनिटं म्हणतात ना सगळे? हे तर पावणेदोन तास झाले."

"त्यांचं घड्याळ आपल्यापुढे एक तास पळतं. येताना उलटं होतं. तिथून दहाला उडालीस की इथे पावणेदहाला उतरतेस."

"निघायच्या आधीच पोचते?"

"घड्याळात, हो."

ओप्पुंगने बोटांवर हिशेब पुन्हा मांडून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे त्या पोरीला माझ्याकडे यायला वेळ लागत तर नाहीच, उलट पाव तास पदरात पडतो. आणि तरी तिला वेळ नाही?"

हा मुद्दा बिनतोड होता. पुढच्या रविवारी तो फोनवर रीतसर मांडण्यात आला. मेदानहून जाणाऱ्याचे पावणेदोन तास बुडतात, पेनांगहून येणाऱ्याला पाव तास फायदा होतो. तेव्हा कुणी कुणाकडे यावं हे उघडच आहे. लुमोंगा पेनांगला एका शाळेच्या कचेरीत काम करते, त्यामुळे मुद्द्याला मुद्दा तिच्याकडे असतोच. ती म्हणाली, "पण मामाक, मला परतही जायचं असतं. मग घड्याळात मिळालेला तास तिथे वळता होतोच ना?" ओप्पुंग म्हणाली, "जाताना काय होतं हा यायचा प्रश्न नव्हे." लुमोंगा म्हणाली, "मग तूच ये, परतताना तुझाही फायदा होईल." ओप्पुंग म्हणाली, "फायद्यासाठी लेकीच्या दारात जाणारी मी नव्हे."

दोन देशांत असा पेच पडला असता तर त्यावर आयोग बसला असता. इथे फक्त दोघी बसल्या, आपापल्या किनाऱ्यावर. डोळ्याचा उल्लेख या सबंध वाटाघाटीत एकदाही झाला नाही. आणि डाव्या डोळ्यातलं धुकं काही यांच्या निकालाची वाट बघत थांबलं नव्हतं.

शेवटी ज्या सकाळी ओप्पुंगने हाताने चाचपून चूल शोधली आणि आधी मांजर हाताला लागलं, त्या सकाळी तिने निर्णय घेतला. माणूस जवळ असला की त्याच्याकडे कुणी येत नाही. तेव्हा आपण लांब व्हायचं.

तोबा सरोवराच्या मधोमध सामोसिर बेट आहे. तिथे तिच्या नवऱ्याचं गाव, गावात बंद पडलेलं घर. मेदानहून गाडीने घाट ओलांडत सहा तास, पुढे होडी, होडीतून उतरलं की चढण. नाई मारोलोपने तिला जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीत बसवलं, ओळखीच्या चालकाला दम दिला, पुतण्याला होडीच्या धक्क्यावर उभं राहायला सांगितलं आणि घरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ टाकली: "तुमची मामाक सामोसिरला गेली. कायमची. मला काही विचारू नका, मासळी खराब होते आहे."

या एका ओळीचा परिणाम बघून शास्त्रज्ञांनी माना खाली घालाव्यात.

सगळ्यात आधी सिहोल पोचला. आईने खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल अशा घरातून जो पोरगा इस्टरपासून आला नव्हता, तो घाट उतरून पहिल्या होडीने सामोसिरला हजर. अंगातला शर्टही उलटा. "रस्ता किती वाईट आहे गं मामाक," असं तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मागच्या गल्लीतून आला असता तर सांगण्यासारखं काय होतं त्याच्याकडे?

बोनारला नाताळशिवाय यायची सवय नसल्यामुळे तो रॉटरडॅमहून फोनवर रडला. हेही नियमात बसतं.

लुमोंगाचं प्रकरण सगळ्यात बोधप्रद. तीन वर्षांत तिने मेदानला जायला चारदा रजा मागितली होती. मोठ्या बाई दरवेळी म्हणायच्या, "मेदान? अहो, शनिवारी जा, रविवारी या. त्याला रजा कशाला?" या वेळी तिने नकाशा नेला. बेटावर सरोवर, सरोवरात पुन्हा बेट, त्या बेटावर म्हातारी आई. बाईंनी चष्मा लावून बघितलं, हळहळल्या, आठवड्याची रजा दिली आणि वर जपून जायला सांगितलं. लांबच्या आईला सरकारदरबारीही वजन असतं.

लुमोंगा चढण चढून आली तेव्हा तिचे पाय चिखलाने भरले होते. ओप्पुंग अंगावर उलोस, म्हणजे आमची विणलेली शाल, लपेटून ओट्यावर बसली होती, सिहोल शेजारी बसून विडी ओढत होता.

"मामाक! हे काय डोक्यात घेतलंस? एवढ्या लांब कुणी येऊन राहतं?"

"लांब कसलं? पंचेचाळीस मिनिटं तर आहे."

"विमान पंचेचाळीस! मग गाडी सहा तास, त्यात ती दोनदा पंक्चर, मग होडी, मग हा डोंगर. माझ्या कंबरेची वाट लागली."

"मग आलीस कशाला?"

"लांब आहे म्हणून आले ना!" लुमोंगा ओरडली. आणि आपण काय बोललो ते ऐकून तिचं तोंड उघडंच राहिलं.

सिहोलने विडी विझवली. असं वाक्य कानावर पडताना माणसाच्या हातात काही नसलेलं बरं.

"ऐकलंस ना, आमांग?" ओप्पुंग त्याला म्हणाली. (आमच्याकडे लेकाला लाडाने आमांग म्हणतात, म्हणजे बाबा, आणि लेकीला इनांग, म्हणजे आई.) "माझी लेक शिकलेली आहे. मला जे कळायला वर्षं लागली ते तिने एका दमात सांगितलं." हे तिने उजव्या हाताला तोंड करून सांगितलं. सिहोल डावीकडे होता.

लुमोंगा जवळ येऊन उभी राहिली. तिने आईच्या तोंडासमोर हात धरला, आईची पापणी हलली नाही.

"मामाक, मी इकडे आहे."

"माहीत आहे मला. मला तिकडे बघायला आवडतं."

"किती दिवसांपासून आवडतं?"

ओप्पुंगने उत्तर दिलं नाही. तिच्या आयुष्यात तिने न दिलेली उत्तरं तशी थोडीच, त्यामुळे दोघांनाही कळायचं ते कळलं. सिहोल एकदम म्हणाला, "पण मी तर मागच्याच गल्लीत होतो, मला सांगायचंस." हे वाक्य पुरं झाल्यावर त्यालाही ते कसंसंच वाटलं असावं, कारण तो उठून सामान होडीपर्यंत नेतो म्हणून गेला. सामान म्हणजे एक पिशवी होती.

अशा रीतीने मेदानहून पंचेचाळीस मिनिटांवर असलेल्या पेनांगला ओप्पुंग सामोसिरमार्गे तीन दिवसांनी पोचली. विमानात तिला खिडकी मिळाली. काही दिसत नव्हतं, तरी खिडकी कुणाला दिली नाही. पाणी देणाऱ्या पोरीने पेला परत मागितला तेव्हा तिने तो मुठीत धरून ठेवला. "अजून पिते आहे," म्हणाली, आणि उतरेपर्यंत प्यायली.

दवाखान्यात एक मलय परिचारिका होती, गोड स्वभावाची. तिने तपासणीचे कागद बघितले आणि अदबीने विचारलं, "मकचिक, डोळ्याची शस्त्रक्रिया कधी करायची?" मकचिक म्हणजे मावशी.

आता उतावळेपणा दाखवणं हे मागण्यासारखंच. मानी माणसाने अशा वेळी थोडं सैल बोलावं, असं आमचं वळण. ओप्पुंग प्रसन्न हसली आणि म्हणाली, "कापान-कापान."

आमची भाषा आणि पेनांगची भाषा सख्ख्या बहिणी. पण लग्न होऊन वेगवेगळ्या घरी गेल्या की बहिणींचीही बोली बदलते. पेनांगला केव्हा या अर्थाने कापान कुणी म्हणत नाही. तिथे कापान म्हणजे मढ्याला गुंडाळायचं पांढरं कापड. कफन. म्हणजे परिचारिकेने विचारलं, कधी करायची? आणि म्हातारी गोड हसून म्हणाली, कफन, कफन.

"या अल्ला!" परिचारिकेच्या हातातले कागद खाली पडले. "मकचिक, असं अभद्र का बोलता? डोळ्याचं तर आहे! कुणी मरत नाही यात!"

लुमोंगाला हसू आवरेना. पेनांगला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती कचेरीत हा शब्द बोलली होती आणि शिपायाने तिच्या टेबलाभोवती अगरबत्ती फिरवली होती. तेव्हापासून बाहेर ती तो तोंडातून काढत नसे. घरच्या फोनसाठी मात्र राखून ठेवला होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत तिने आईला सगळा घोटाळा समजावून सांगितला.

ओप्पुंग हसली नाही. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, "मग इनांग, आपण दोघी दर रविवारी एकमेकींना काय म्हणत होतो गं?"

लुमोंगाचं हसणं मध्येच थांबलं. ती परिचारिकेकडे वळली आणि म्हणाली, "आज. आज जमेल का?"

त्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी जमलं. डावा डोळा वाचला. उजव्याचं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढून नजर गेली. आता करण्यासारखं काही नाही. "सहा महिने आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग सहज विचारलं, "कुठून आलात तुम्ही?"

"मेदान," लुमोंगा म्हणाली.

"अरेच्चा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे तर जवळच."



पट्टी सुटली तेव्हा ओप्पुंगने डाव्या डोळ्याने आधी छत बघितलं, मग खिडकी. मग लुमोंगाला बघितलं आणि बघतच राहिली. लेकीचे कानांवरचे केस पांढरे झाले होते, गळ्याशी सुरकुत्या आल्या होत्या.

"ही कोण म्हातारी उभी केली आहे माझ्यासमोर?"

"मामाक, मीच आहे."

"पंचेचाळीस मिनिटांत एवढी पिकलीस?" असं म्हणून ओप्पुंगने तिला जवळ ओढलं आणि एकुलत्या एका डोळ्याने तिचा एकेक पांढरा केस तपासला, जणू प्रत्येकासाठी वेगळा जाब विचारायचा होता.

आता सगळं सुरळीत आहे. ओप्पुंग मेदानला परतली, सिहोल मागच्या गल्लीत परतला, लुमोंगा पेनांगलाच राहिली. पाद्रीबाबांशी बोलणं सुरू झालं आहे. झालेल्या प्रकारातून घराने कडक धडा घेतला असून कापान-कापान हा शब्द फोनवर उच्चारायला दोन्ही किनाऱ्यांवर सक्त मनाई आहे. त्याऐवजी आता "बघू" म्हणतात.

तर हे असे आम्ही मेदानचे लोक. खुशाल हसा. बाकी, हे इथवर वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पेनांगचं विमान समुद्राच्या मध्यावर आलेलं असतं. म्हणजे तुमच्याकडे वेळ होता म्हणायचा.